तापाईचा शुक्रवार

देवीला साप्ताहिक सुट्टी असते, याचं भूपेशच्या प्रवाशांना कधी नवल वाटलं नाही. माणसाला लागते, ऑफिसला लागते, मग देवीला का नको? तापाई शुक्रवारी विश्रांती घेते, त्या दिवशी तिचं कुंड गार पडतं आणि त्यात कुणी उतरायचं नाही, असा नियमच होता. तो भूपेशच्या आईनं, कौसाबाईनं घातलेला, आणि कौसाबाईला म्हणे देवीनंच स्वप्नात येऊन सांगितलेला. आता एमआयडीसीतल्या झाडून साऱ्या कंपन्या शुक्रवारी बंद असतात, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघणं वेगळं. दुसरं काम लोक टाळतात, कारण त्यानंतर काहीतरी करावं लागतं.

भूपेशनं ते बघितलं होतं, आणि तरी काही केलं नव्हतं. पूर्वी तो शिफ्टच्या कामगारांची रिक्षा चालवायचा. शुक्रवार म्हणजे धंद्याला खाडा, त्यामुळे तो वार त्याच्या हाडात मुरला होता. बदलापूरजवळ, खरवईच्या पुढं टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या शेताचा एक तुकडा, त्यात खडकातली एक डबरी, जिच्यात पूर्वी म्हशी बसत. सहा वर्षांपूर्वी एका थंडीत त्या डबरीतून वाफा यायला लागल्या. टेकडीच्या पलीकडं एक केमिकलची कंपनी. पाणी कुठून येतंय हे बघायला टेकडी ओलांडावी लागली असती, आणि कौसाबाईनं त्याआधीच हळदकुंकू वाहून टाकलं. लहानपणी ती वज्रेश्वरीच्या कुंडात न्हाऊन आली होती. तिथं आहे ते आपल्याकडं का नसावं, एवढंच तिचं म्हणणं. पहिल्याच शुक्रवारी पाणी गार पडलं तेव्हा भूपेशला जे कळायचं ते कळलं. तो आईला सांगणार होता. पण तोवर तिला स्वप्न पडून गेलं होतं आणि टेकडीवर भगवा फडकत होता.

मग एकदा कुठल्याशा कॉलेजचे भूगोलाचे सर त्याच्या रिक्षातून दगडाच्या जुन्या खाणीवर गेले. ही सगळी जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, असं त्यांनी वाटेत सांगितलं. भूपेशनं ते कानात साठवून ठेवलं. इथं जवळ गरम पाण्याचं कुंड आहे असं ऐकलं, दाखवाल का, असं सरांनी विचारल्यावर मात्र रस्ता वाहून गेलाय म्हणून त्यानं त्यांना स्टेशनवर सोडलं. वर्षभरात रिक्षा गेली, टेम्पो ट्रॅव्हलर आली आणि तिच्या पाठीवर लाल अक्षरांत आलं: ज्वालामुखी दर्शन, एक दिवसाची सहल. सकाळी अंबरनाथचं काळ्या पाषाणाचं शिवमंदिर, मग खाण, मग मलंगगडाचे कडे आणि शेवटी तापाईच्या कुंडात स्नान, शुक्रवारी नुसतं दर्शन. पाण्याला वास येतो तो गंधकाचा, असं तो सांगायचा. लोक नाक दाबून, हात जोडून उतरायचे.

इथवर लोकांची फसवणूक झाली, तीही पदरचे पैसे मोडून. पण पुढं जे घरात झालं त्याला नाव नाही. कौसाबाईच्या दुसऱ्या नियमानं, घरच्या सुनेनं पहाटे कुंडात पहिलं स्नान करायचं, मग बाकीच्यांनी. सून म्हणजे भूपेशची बायको अंजना, मुरबाडकडची, अबोल, सांगितलेलं मनापासून करणारी. शुक्रवार सोडून ती रोज उतरायची. तिच्या तळहातांची सालं निघायला लागली तेव्हा भूपेश म्हणाला, साबण बदल. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले तेव्हाही ती उतरायचीच, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात पाणी कुठलं वापरता? अंजनानं तोंड उघडायच्या आत भूपेश म्हणाला, नळाचं. नवऱ्याला डॉक्टरांपुढं देवीचं नाव घ्यायची लाज वाटली असेल असं ती धरून चालली. घरी आल्यावर आपलीच भक्ती कमी पडली म्हणून ती पहाटे आणखी लवकर उठायला लागली. हे भूपेशनं रोज अंथरुणातून बघितलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत त्यानं कूस बदलली. उद्या म्हणायला काही लागत नाही, म्हणून माणूस ते जन्मभर म्हणू शकतो.

आणि आता करिष्माची पाळी आली होती. करिष्मा त्याची धाकटी बहीण, अंबरनाथला दिलेली. लग्नाला नऊ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. तिनं लांबूनच तापाईला नवस बोलला होता: कूस भरली तर पाचव्या महिन्यात तुझ्या काठावर चोरओटी भरून घेईन आणि तुझ्या पाण्यात न्हाईन. कूस भरली. पाचवा लागल्याबरोबर तिचा फोन आला.

या वेळी मात्र उद्यावर टाकून चालणार नव्हतं. खरं सांगायची छाती नव्हती म्हणून त्यानं डोकं चालवलं. तो म्हणाला, गाडीत जागा फक्त शुक्रवारच्या सहलीला आहे, तू शुक्रवारीच ये. त्या दिवशी ओटी भर, पाया पड, न्हाण्याचं बाळंतपणानंतर बघू. तिचा आवाज थोडा पडला. पण दादूस सांगतोय म्हटल्यावर ती बरं म्हणाली. आपण बहिणीला वाचवलं आणि झाकली मूठही झाकलेलीच राहिली, म्हणून भूपेशला त्या रात्री चांगली झोप लागली.

त्याच आठवड्यात बुधवारी लाइटच्या मोठ्या कामासाठी दिवसभर सगळीकडं शटडाऊन होता. कुंड अवेळीच कोमट झालं. कुणाचा तरी विटाळ झाला, आई रुसली, म्हणून कौसाबाईनं नारळ फोडला. गुरुवारी पाणी पुन्हा तापलं आणि रुसवा निघाला. त्यातून काय ते ओळखायचं डोकं त्या घरात एकालाच होतं, आणि ते डोकं त्या दिवशी गाडीची सर्व्हिसिंग करून घेण्यात गुंतलं होतं.

शुक्रवारी सकाळी उल्हासनगरहून एक कापडवाले सिंधी शेठ बायकोमुलांसकट बसले, बदलापूरच्या सोसायटीतल्या काही बायका बसल्या आणि अंबरनाथला करिष्मा चढली. हिरवी साडी, हिरवा चुडा, चेहऱ्यावर तेज. अंजना जेवणाचे डबे आणि ओटीचं सामान घेऊन मागं बसली होती. तिनं नणंदेला खिडकीची जागा दिली, पाठीशी उशी दिली आणि मळमळलं तर असावी म्हणून चिंच दिली. आपल्या वेळचं काहीतरी मनात आलं असेल, पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

शिवमंदिरावरून करिष्मा हजारदा गेली असेल. पण आपला भाऊ माइक घेऊन सांगतोय म्हटल्यावर ती पहिल्यांदाच बघावं तसं बघत राहिली. भूपेश सांगत होता, हा दगड एकेकाळी पाण्यासारखा वाहत होता, याच्या ज्वाला आभाळाला भिडत होत्या, तोच आज महादेवाचं घर झालाय. शेठच्या बायकोनं भिंतीला कपाळ टेकवलं. भूपेशला बोलायची कला होती, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. ती चांगल्या कामाला लागली असती तर गोष्ट वेगळी.

खाणीत काळ्या दगडाचे खांब उभे होते, सहा-सहा बाजूंचे, एकमेकांना खेटून, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखे. लाव्हा गार होताना आकसला आणि त्याला अशा भेगा पडल्या, हे सरांचं वाक्य भूपेशनं जसंच्या तसं म्हटलं. तिथंच झाडाखाली पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, शेवटी गुळाचा खडा. करिष्मानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर ती एका खांबाला हात लावून उभी राहिली. अंजनाला म्हणाली, वैनी, एवढं तापलेलं होतं म्हणं, आणि आता हात लाव, माठासारखं गार आहे. अंजनानं हात लावला. तिचा तळवा दगडाहून खरखरीत होता, तो करिष्मानं आपल्या हातात धरून ठेवला. भूपेशनं ते बघितलं आणि आज सगळं निभावलं असं त्याला वाटलं.

मलंगगडाचे कडे लांबूनच दाखवले, भाकऱ्यांची चवड रचावी तसे थरावर थर. एका थराला एक उद्रेक, असं तो सांगत होता. मग गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला लागली. कुंडाला जायची वाट तीच. शुक्रवारचा तो रस्ता म्हणजे भटकी कुत्री आणि बंद शटरं, एरवी भूपेश तिथं गाडी पळवायचा. आज पुढं एक रिक्षा आली, ठासून भरलेली. तिच्यामागून दुसरी आली. चहाची टपरी उघडी होती आणि तिच्यापुढं गणवेशातली माणसं उभी होती. भूपेशचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

टपरीवर नाथा होता, त्याच केमिकल कंपनीतला, रिक्षाच्या दिवसांतली ओळख. भूपेशनं खिडकीतून विचारलं, आज कसा काय कामावर? नाथा म्हणाला, "बुधवारी शटडाऊन होता ना. त्याच्या बदल्यात आजचा दिवस भरून घेतायत. सकाळपासून फुल चालू."

भूपेशनं काच वर केली. देवीच्या सुट्टीच्या भरवशावर बहिणीला बोलावलं होतं, आणि देवीनं सुट्टी बदलून घेतली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि त्यानं तर ते सहा वर्षं झाकून ठेवलं होतं. त्यानं माइक घेतला आणि इंजिन गरम होतंय, कुंड आज होणार नाही, इथूनच मागं फिरू, असं जाहीर केलं. मागून एकच गलका झाला. शेठ म्हणाले, अंघोळ नाही तर नाही, पण दर्शन तरी घेऊ, लांबून आलोय. सोसायटीच्या बायकांनी त्यांची री ओढली. करिष्मा मांडीवर घेतलेल्या ओटीच्या पिशवीकडं बघत राहिली. एका बाईनं तर शेत इथून दिसतंय, आम्ही चालत जातो, म्हणून दार उघडलं. गाडी नेण्यावाचून इलाज राहिला नाही.

वाफ लांबूनच दिसली. माघातली संध्याकाळ होत आली होती, हवेत गारवा होता आणि कुंडावर पांढरा लोट उभा होता. कौसाबाई धावतच गाडीपर्यंत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेकीला उतरवून घेत, तिच्या गालांवरून बोटं मोडत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईनं बुधवारीच झोप घेतली. आज माज्या पोरीसाठी जागी राह्यली."

मग काय विचारता. बायकांनी हात जोडले, शेठनी खाली वाकून माती कपाळाला लावली. करिष्मा तर हरखून गेली होती. दादूस नको म्हणत होता, पण देवीनंच बोलावून घेतलं, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. काठावर पाट मांडून कौसाबाईनं तिची ओटी भरली. अंजनानं ताट धरलं. ओटी झाल्यावर करिष्मानं पदर खोचला आणि ती पायऱ्यांकडं वळली.

भूपेश वरच्या पायरीवर आडवा उभा राहिला. चाळिशीला आलेला, दिवसभर माइकवर बोलणारा हा माणूस, पण त्याचा आवाज चिरकला.

"उतरू नकोस, करिष्मा. हे पाणी कंपनीचं आहे, टेकडीच्या पलीकडून झिरपतं. शुक्रवारी कंपनी बंद म्हणून गार पडतं. आज ती चालू आहे."

शेठ हसले. "भूपेशभाई, सुबह से तो ज्वालामुखी बोल रहे थे." बायकाही हसल्या. त्यांना वाटलं हा सहलीतलाच काही खेळ असेल, किंवा शुक्रवारी उतरू द्यायचं नाही म्हणून काढलेली पळवाट. इतकी वर्षं जे तोंड खोटं विकत आलं, त्यातून निघालेलं खरं कुणी फुकटही घेईना.

कौसाबाई हसली नाही. तिनं लेकाकडं बघितलं, आणि त्या बघण्यात रागापेक्षा कीव होती. "तुज्या घरांत पालना हालला नाय," ती म्हणाली, "म्हनून बहिनीच्या पोटावर डोला ठेवतंस?"

हेही त्यानं सोसलं असतं. पण करिष्मानं जे केलं ते आईच्या बोलण्याहून वाईट होतं. ती त्याच्यावर चिडली नाही. त्याच्या दंडावर हात ठेवून तिनं लहान मुलाला समजवावं तसं समजावलं.

"दादूस, खरंच तसलं पाणी असतं तर तू लोकांना उतरवलं असतंस काय? वैनीला रोज उतरवलं असतंस? मी वळखते तुला. तू तसा नाय."

त्यानं तिचं मनगट धरलं, पण दोन बायकांनी त्याला बाजूला ओढलं, शुभकार्यात असं करू नये म्हणाल्या, आणि त्याच्या हाताची पकड सुटली. करिष्मा पायऱ्या उतरली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग मांड्यांना. चटका बसला तशी ती थोडी थबकली, आणि डोळे मिटून आणखी एक पायरी उतरली.

अंजना ताट घेऊन उभी होती तिथंच होती. ती हसली नव्हती. तिचं लक्ष कुंडाकडंही नव्हतं. ती स्वतःच्या हाताकडं बघत होती, ताटाच्या कडेला धरलेल्या अंगठ्याकडं, जिथली कातडी परवाच पुन्हा सोलली होती. जे भल्याभल्यांना जमलं नव्हतं ते ती त्या वेळी करत होती. दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघत होती.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही नळाचं म्हणालात," ती भूपेशला म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. भूपेशचं गप्प बसणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं. तिथं एवढी माणसं होती. त्यातल्या एकाच माणसाचा त्याच्यावर विश्वास बसला होता, आणि तोच बसायला नको होता.

तिनं ताट खाली ठेवलं. साडीनिशी ती कुंडात उतरली, पाणी करिष्माच्या पोटाला लागायच्या आत तिच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे तिच्या डोळ्यांसमोर धरले.

"बाहेर ये," ती म्हणाली. "माझं बाळ याच पाण्यात गेलं."

दुपारी खाणीत धरलेला तो हात करिष्मानं पुन्हा बघितला. मग तिनं पायरीवर उभ्या भावाकडं बघितलं. आता त्यानं नाही म्हणावं, वैनी काहीतरीच बोलते म्हणावं, अशी तिची नजर होती. भूपेशनं मान खाली घातली. तेव्हा ती रडायला लागली. अंजनानं तिला कमरेला धरून एकेक पायरी वर आणलं. कौसाबाई सुनेला अद्वातद्वा बोलत होती, वांझोटी म्हणाली, अवदसा म्हणाली. तिच्याकडं न बघता अंजनानं करिष्माचे पाय बाटलीतल्या पाण्यानं धुतले, आपल्या शालीनं पुसले आणि तिला चपला घालायला दिल्या.

भूपेश पुढं झाला. गाडी काढतो, घरी सोडतो, असं काहीतरी पुटपुटला. अंजना त्याच्याजवळून गेली ती वाटेतल्या दगडाजवळून जावं तशी. दोघी जणी बांधावरून रस्त्याला लागल्या. शिफ्ट सुटली होती. अंबरनाथकडं जाणारी एक रिक्षा थांबली, आतली माणसं सरकून बसली, ओलेत्या दोघींना जागा झाली आणि रिक्षा गेली. करिष्मानं मागं वळून बघितलं नाही, आणि अंजना परत येण्यासाठी गेलेली नव्हती हे भूपेशला कुणी सांगायची गरज नव्हती.

काठावर थोडा वेळ कुजबुज झाली. कौसाबाईनं पदरानं डोळे पुसले, कुंडात कुंकवाची चिमूट टाकली आणि पोरीची ओटी आईला पोचली, आता बाकीच्यांनी या, असं सांगितलं. सोसायटीच्या बायका चपला काढायला लागल्या. शेठ सगळ्यांच्या आधी धोतर खोचून उतरले, गळ्यापर्यंत बुडले आणि समाधानानं सुस्कारा सोडला. मघाशी आपण फार हसलो, याला वाईट वाटलं असेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. माणूस चांगला होता. त्यांनी खालूनच गोडीनं विचारलं, भाई, हे पाणी एवढं गरम येतं तरी कुठून?

रिक्षाचा आवाज आता येत नव्हता. टेकडीच्या पलीकडं कंपनीच्या धुराड्यातून धूर निघत होता, तो सगळ्यांना दिसत होता.

"पृथ्वीच्या पोटातून," भूपेश म्हणाला. "गंधकाचं आहे. सांध्यांना चांगलं."